नवरा-बायकोच्या नात्यावर ग्रीनकार्ड: वकील करावा की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मराठी दाखल्यांचे इंग्रजी अनुवाद करून देते. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, कोर्टाचे हुकूमनामे असे कागद घेऊन माणसं येतात आणि अनुवादापेक्षा जास्त प्रश्न वकिलाबद्दल विचारतात. पुढे फोनवर आणि मेसेजवरही तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. वकिलाकडे कधी धाव घ्यायची आणि कधी पैसे वाचवायचे, एवढंच इथे सांगते आहे. बहुतेक प्रश्न अमेरिकेबद्दलचे, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याबद्दलचे (ग्रीनकार्ड) आहेत. इतर देशांबद्दल प्रश्न 18 मध्ये लिहिलं आहे.

1. माझा नवरा अमेरिकन नागरिक आहे. अर्जासाठी वकील लागतोच का?

नाही. वकील केलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही.

आधी नवरा अमेरिकेच्या यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे आय-130 ही, म्हणजे तुमच्याशी असलेलं नातं मान्य करून घेण्याची याचिका दाखल करतो. 1 एप्रिल 2024 पासून तिची फी ऑनलाइन 625 डॉलर आणि कागदी अर्जाला 675 डॉलर आहे. ती मंजूर झाली की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे व्हिसा अर्जाचे 325 आणि नवऱ्याच्या आर्थिक हमीपत्राचे 120 डॉलर भरायचे, डीएस-260 हा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागदपत्रं अपलोड करायची. मग वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. व्हिसा मिळाल्यावर ग्रीनकार्ड छापण्यासाठी आणखी 235 डॉलर.

दोघांचंही पहिलं लग्न, कधी व्हिसा नाकारलेला नाही, पोलिसांशी संबंध आलेला नाही, नवऱ्याची नोकरी पक्की आणि सगळ्या कागदांवर नावं सारखी, असं असेल तर हे काम चिकाटीने बसून दोघांना जमतं. अशा जोडप्यांना मी वकील करा असं सांगत नाही.

2. मग वकील नेमका कधी करायचा?

दोघांच्या मागच्या आयुष्यात असं काही असेल ज्याबद्दल अधिकारी दुसरा प्रश्न विचारेल, तेव्हा. आधीचा घटस्फोट, अटक किंवा कोर्टकेस, अमेरिकेत मुदत उलटून राहणं, पूर्वी नाकारलेला व्हिसा, पूर्वी कुणी दाखल केलेली याचिका, आधीच्या अर्जात लिहिलेली चुकीची माहिती. यातलं एकही असेल तर आय-130 भरण्याआधी वकिलाला दाखवा, भरल्यानंतर नव्हे. राहिलेला कागद मागाहून देता येतो. सहीनिशी लिहून दिलेलं खोटं विधान मात्र फाईलमध्ये कायम राहतं, आणि अमेरिकन कायद्यात महत्त्वाची बाब खोटी सांगून व्हिसा मागण्याची शिक्षा आयुष्यभराची प्रवेशबंदी आहे. तिच्यावर माफीचा अर्ज करता येतो, पण तो सोपा नाही.

फॉर्मची जाडी बघून वकील करणारे आणि मागची केस “आता मिटली आहे” म्हणून न करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मला भेटतात. दुसऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

3. नवरा एच-1बी वर आहे. मी लग्नावर ग्रीनकार्ड मागू शकते का?

नाही. एच-1बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा आहे, आणि जो नागरिक नाही व ज्याच्याकडे स्वतःचं ग्रीनकार्डही नाही तो आय-130 भरू शकत नाही. तुमचा व्हिसा एच-4, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा. तो साधा अर्ज असतो आणि नवऱ्याच्या कंपनीचे वकील बऱ्याचदा त्यातही मदत करतात. मात्र पुढचा प्रश्न नक्की वाचा.

4. नवऱ्याला नोकरीवरचं ग्रीनकार्ड लवकरच मिळेल असं म्हणतात. लग्न आधी करावं की नंतर?

त्याचं ग्रीनकार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असेल, तर पत्नी म्हणून तुम्ही त्याच्याच अर्जात सामील होता किंवा मागाहून त्याच रांगेतून जाता. मंजुरीनंतर लग्न झालं तर त्याला तुमच्यासाठी नवी याचिका भरावी लागते आणि तुम्ही ग्रीनकार्डधारकांच्या जोडीदारांच्या रांगेत, म्हणजे एफ2ए मध्ये, उभ्या राहता. नागरिकाच्या जोडीदाराला अशी रांग नसते, ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदाराला असते. काही दिवसांच्या फरकाने वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणून मुहूर्त काढण्याआधी वकिलाशी अर्धा तास बोलण्याचे पैसे इथे सार्थकी लागतात. घाईघाईत कागदोपत्री लग्न लावण्याचा मोह होत असेल तर प्रश्न 9 आधी वाचा.

5. ओळखीचा एजंट निम्म्या पैशांत सगळं करून देतो म्हणतो. चालेल का?

टायपिंग, झेरॉक्स आणि अपॉइंटमेंट यासाठी चालेल. कोणता अर्ज करायचा आणि प्रश्नाला काय उत्तर लिहायचं, हा कायदेशीर सल्ला झाला. यूएससीआयएससमोर तुमची बाजू मांडू शकतो तो अमेरिकेतल्या एखाद्या राज्याची सनद असलेला वकील, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत काम करणारा आणि तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. तो जी-28 हा फॉर्म भरून स्वतःचं नाव फाईलला जोडतो.

एजंटची ओळखण्याची खूण अशी, की तो कुठेच सही करत नाही. आय-130 मध्ये अर्ज तयार करून देणाऱ्याने स्वतःचं नाव लिहून सही करण्याची जागा असते. ती कोरी ठेवून सगळं तुमच्या सहीवर ढकलणारा माणूस उद्या चूक निघाली तर सापडणार नाही. “हा प्रश्न विचारला तर नाही लिहा” असं सांगणाऱ्याकडून कागद परत घ्या आणि उठा.

6. आमचे घरचे वकील हायकोर्टात प्रॅक्टिस करतात. तेच करतील ना?

अमेरिकेच्या अर्जाचं काम त्यांचं नाही, आणि जाणता वकील हे स्वतःच सांगतो. भारतीय कायद्याचा भाग मात्र त्यांच्याकडूनच करून घ्यायचा: घटस्फोटाचा हुकूमनामा, नाव बदलाचं राजपत्र, जुन्या केसच्या प्रमाणित प्रती, दत्तकाचे कागद. गुंतागुंतीच्या प्रकरणात दोन्हीकडचे वकील लागतात, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं तुम्हीच घडवून आणायचं असतं.

7. अमेरिकन वकील खरा आहे हे मुंबईत बसून कसं कळणार? फी किती?

तो कोणत्या राज्याचा सनदधारक आहे ते विचारा आणि त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. सनद चालू आहे की नाही ते दिसतं, आणि शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर बहुतेक राज्यांत तीही. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे वकील कोणत्याही राज्यातला चालतो. नवरा न्यू जर्सीत आणि वकील टेक्सासात असला तरी बिघडत नाही. ‘अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन’ ही 1946 पासूनची संघटना आहे. तिचं सदस्यत्व ही गुणवत्तेची हमी नाही, पण हा माणूस याच कामातला आहे एवढं त्यावरून समजतं.

फी बहुधा एकरकमी ठरते आणि सरकारी फी तिच्या बाहेर असते. करारात तीन गोष्टी लेखी घ्या: काम मुलाखतीपर्यंतचं आहे की फक्त आय-130 पुरतं, खात्याने जादा पुरावा मागितला तर त्याच्या उत्तराची फी वेगळी आहे का, आणि काम अर्धवट सोडलं तर फाईल तुम्हाला मिळणार का. व्हिसाची “गॅरंटी” देणारा वकील नको. ती कुणालाच देता येत नाही.

मधला मार्गही आहे. अर्ज तुम्ही भरायचा आणि पाठवण्यापूर्वी वकिलाने एकदा तपासायचा. अनेक वकील ठरावीक फी घेऊन असं काम करतात. माझ्या मते मुंबईतल्या नोकरदार जोडप्यांपैकी बहुतेकांना एवढंच पुरेसं आहे.

8. वकील केला तर काम लवकर होतं का? मुलाखतीला तो सोबत येतो का?

लवकर होत नाही, रांग सगळ्यांना एकच. अर्ज पहिल्या खेपेस पूर्ण गेला तर मधले हेलपाटे वाचतात, एवढाच वेळेचा फायदा.

बीकेसीतल्या मुलाखतीच्या खिडकीपाशी तुम्ही एकट्याच असता. अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांचं वेगळं: तिथल्या यूएससीआयएसच्या मुलाखतीला वकील शेजारी बसू शकतो. कॉन्सुलेटच्या नकाराविरुद्ध अमेरिकन न्यायालयात दाद मागणंही जवळपास अशक्य आहे. नागरिकाला परदेशी जोडीदाराच्या व्हिसाबाबत घटनात्मक मूलभूत हक्क नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये दिला. त्यामुळे वकिलाचा खरा उपयोग मुलाखतीच्या आधी होतो.

9. व्हिसाचे कागद लवकर सुरू व्हावेत म्हणून रजिस्टर लग्न आता, वैदिक लग्न पुढच्या वर्षी. यात काही अडचण?

अडचण कोणत्या कायद्याखाली नोंदणी करता यावर आहे.

हिंदू विवाह कायदा, 1955 खाली नोंदणी होते ती आधी विधिपूर्वक लागलेल्या लग्नाची. विधी झालाच नाही आणि कुणीतरी दोन हार घालून फोटो काढून दाखला मिळवून दिला, तर लग्नच झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 च्या निकालात हे स्पष्ट सांगितलं, आणि परदेशी जाण्याच्या अर्जासाठी अशी नोंदणी करून घेणाऱ्या पालकांचाही त्यात उल्लेख केला. असा दाखला जोडून केलेल्या याचिकेचा पायाच कच्चा असतो.

कागद आधी हवे असतील तर विशेष विवाह कायदा, 1954 आहे. 30 दिवसांची नोटीस, मग विवाह अधिकाऱ्यासमोर सही. हे संपूर्ण, खरं लग्न आहे. त्यानंतरच्या प्रत्येक सरकारी अर्जात तुम्ही विवाहित आहात. नोंदणी झाल्यावर “खरं लग्न तर मे मध्ये आहे” म्हणून टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात अविवाहित लिहिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हे खोटं विधान ठरू शकतं, आणि त्याची किंमत प्रश्न 2 मध्ये लिहिली आहे.

नवरा तिथे, मुलगी इथे आणि लग्न व्हिडिओ कॉलवर, असं लग्न अमेरिकन इमिग्रेशन कायदा तोपर्यंत धरत नाही जोपर्यंत लग्नानंतर दोघं प्रत्यक्ष एकत्र येऊन वैवाहिक संबंध सुरू होत नाहीत. अशा प्रकरणात तारखांचा पुरावा काळजीपूर्वक मांडावा लागतो, वकिलाला दाखवा.

10. आमचं ठरवून झालेलं लग्न आहे, दोन भेटींत जमलं. खोटं समजतील का?

बीकेसीतल्या अधिकाऱ्यांना ठरवून झालेली लग्नं नवी नाहीत. स्थळ कुणी सुचवलं, पहिली भेट कुठे झाली, साखरपुड्याला कोण आलं, लग्नानंतर किती दिवस एकत्र होतात, हे दोघांनी खरं आणि सारखं सांगितलं की पुरेसं असतं. साखरपुडा, केळवण, लग्न आणि पाठवणीचे फोटो दोन्ही घरच्या माणसांसह निवडा. सोबत पत्रिका, हॉलची पावती, विमानाची तिकिटं, कॉलच्या नोंदी, आणि लग्नानंतर एकमेकांना पाठवलेले पैसे किंवा नॉमिनी म्हणून घातलेलं नाव. चारशे फोटोंचा अल्बम नको, तारीख आणि नातं लिहिलेले वीस-पंचवीस फोटो पुष्कळ झाले.

यासाठी वकील लागत नाही. वयात मोठं अंतर, वेगळा धर्म, किंवा दोन्हीकडच्या घरच्यांना लग्नाचा पत्ताच नसणं, असं काही असेल तर सल्ला घेतलेला बरा.

11. लग्नात माझं नाव बदललं. पासपोर्टवर माहेरचं, दाखल्यावर दुसरंच. काय करू?

आपल्याकडे आडनावासोबत पहिलं नाव आणि मधलं नावही बदलतं, म्हणून एकाच बाईची तीन-तीन नावं निघतात. नाव बदललंच पाहिजे असं अमेरिकेचा कायदा म्हणत नाही. पासपोर्ट माहेरच्या नावावर असेल तर तेच ठेवून अर्ज करता येतो. मात्र आय-130 आणि डीएस-260 मध्ये “वापरलेली इतर नावं” विचारतात तिथे सगळी नावं लिहा, घरी ठेवलेलं नावही, जर ते कुठल्या कागदावर असेल. जन्मदाखल्यावर नावच नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून नाव घालून घ्या. दाखलाच नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि तुमचा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. मराठी कागदाच्या अनुवादाखाली अनुवादकाने अनुवाद पूर्ण व अचूक असल्याचं आणि स्वतः त्या भाषांत सक्षम असल्याचं लिहून सही करायची असते. नोटरीची गरज नाही.

वकील नको. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

12. पहिल्या लग्नाची सोडचिठ्ठी स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून झाली आहे. पुरे ना?

ही मंडळी आली की मी अनुवादाचं काम थांबवते आणि आधी वकिलाकडे पाठवते.

नोटरी केलेला करार म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) ने रूढीने होणारा घटस्फोट, म्हणजे काही समाजांतली काडीमोड, राखून ठेवला आहे. पण ती रूढी तुमच्या समाजात खरोखर चालत आलेली आहे आणि तुमच्या बाबतीत रीतसर पाळली गेली, हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. अमेरिकेचं खातंही तोच पुरावा मागतं. नुसत्या जातपंचायतीच्या चिठ्ठीवर ते समाधान मानत नाहीत. आणि पहिला घटस्फोट टिकला नाही तर दुसरं लग्न मुळातच रद्दबातल, मग आय-130 ला काही अर्थ उरत नाही.

सुरक्षित रस्ता कुटुंब न्यायालयाचा. परस्पर संमती असेल तर कलम 13-ब खाली अर्ज किंवा, रूढी पक्की असेल तर, घटस्फोट झाल्याची न्यायालयाकडून घोषणा. मुंबईचं कुटुंब न्यायालयही बीकेसीतच आहे. हुकूमनाम्यानंतर आत्ताचं लग्न पुन्हा लावावं लागेल का, हे भारतीय वकिलाने सांगायचं. पुन्हा लावलं तर याचिका त्या तारखेनंतरच दाखल करायची.

उलट बाजूचाही प्रश्न येतो. नवऱ्याने पहिला घटस्फोट अमेरिकेत घेतला आणि पहिली बायको भारतातली होती. तो घटस्फोट त्या राज्यात वैध असेल तर अमेरिकेच्या व्हिसाला सहसा पुरतो. भारतात मात्र 1991 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वीकारलेला नसेल तर तो मानला जाईलच असं नाही. लग्न मुंबईत लागणार असेल तर हे आधी तपासा.

13. माझ्यावर 498-अ ची (पत्नीच्या छळाची) तक्रार होती, हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. पोलीस क्लिअरन्स स्वच्छ आहे. सांगायलाच हवं का?

अटक झाली असेल तर हो. डीएस-260 मधला प्रश्न “कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का” असा आहे, आणि माफी किंवा तत्सम सवलत मिळाली असली तरी उत्तर द्यावं लागतं. पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं क्लिअरन्स हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. एफआयआर, आरोपपत्र आणि रद्द केल्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती काढा. अशा गुन्ह्याचा व्हिसावर काय परिणाम होतो ते कलमाच्या शब्दांवर आणि निकालावर ठरतं, म्हणून इथे वकील हवाच. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांच्या तक्रारी भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली येतात, त्यांनाही हेच लागू.

दुबई, मस्कत, कुवेतला वयाच्या 16 वर्षांनंतर वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही क्लिअरन्स लागतं. ते वकिलाशिवाय मिळतं, पण वेळ खातं.

14. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच ग्रीनकार्डचा अर्ज करू, असं सासरचे म्हणतात.

राहायला जायचं ठरवून “फिरायला आले” असं विमानतळावर सांगणं म्हणजे खोटं विधान. कॉन्सुलेटच्या नियमावलीत प्रवेशापासून 90 दिवसांच्या आत केलेल्या विसंगत वागण्याकडे संशयाने बघण्याचा नियम आहे, पण 91 व्या दिवशी सगळं शुद्ध होतं असं नाही. खरोखर सहलीला गेलेल्या आणि तिथे परिस्थिती बदललेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तीही वकिलानेच मांडावी.

पूर्वी अमेरिकेत मुदतीपलीकडे राहून आला असाल तर बेकायदा वास्तव्य 180 दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी असल्यास बाहेर पडल्यापासून 3 वर्षांची बंदी लागते, वर्ष किंवा जास्त असल्यास 10 वर्षांची. माफीचा अर्ज आय-601. त्यासाठी तिथल्या नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे पराकोटीचे हाल होतील हे दाखवावं लागतं. स्वतः भरण्याचा हा अर्ज नाही.

15. नवऱ्याला ग्रीनकार्ड त्याच्या पहिल्या लग्नावर मिळालं होतं. आता तो माझ्यासाठी अर्ज करतोय.

तो अजून नागरिक नसेल आणि ग्रीनकार्ड मिळून 5 वर्षं झाली नसतील, तर पहिलं लग्न खरं होतं याचा भक्कम पुरावा द्यावा लागतो, नाहीतर तुमची याचिका मंजूर होत नाही. अपवाद पहिला जोडीदार वारला असेल तर. आणि कुणाचंही आधीचं लग्न केवळ ग्रीनकार्डसाठी होतं असं ठरलं असेल, तर त्या व्यक्तीसाठी पुढची कोणतीही याचिका मंजूर होत नाही, तिथे माफीसुद्धा नाही. दोन्ही ठिकाणी वकील.

16. नवऱ्याचा पगार कमी आहे. माझ्या बाबांचा दादरचा फ्लॅट दाखवता येईल का?

बाबांचा नाही. आय-864 या हमीपत्रासाठी सहसा नवऱ्याचं उत्पन्न अमेरिकेच्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के हवं. कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक सहहमीदार होऊ शकतो, इथले सासरे किंवा मामा नाही. तुमच्या स्वतःच्या नावावरची, वर्षभरात विकून पैसे करता येतील अशी मालमत्ता मोजता येते. नवरा नागरिक असेल तर ती तुटीच्या तिप्पट लागते. नवरा नागरिक असूनही सध्या मुंबईतच राहत असेल, तर तिकडे परतणार असल्याचे पुरावेही द्यावे लागतात.

सहहमीदार होणाऱ्या आतेभावाला हे जरूर सांगा: ही जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत, सुमारे 10 वर्षांचं काम पूर्ण होईपर्यंत, देश कायमचा सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत ती राहते.

17. सासरच्यांनी वकील केलाय. तो माझाही वकील आहे का?

हा प्रश्न मुलीच्या वतीने आईवडील विचारतात, मुली स्वतः क्वचित. अशा कामात एकच वकील बहुधा नवरा-बायको दोघांचा असतो. पहिल्याच कॉलला स्पष्ट विचारा: “मी तुमची अशील आहे का? माझ्याशी झालेलं बोलणं नवऱ्याला सांगणार का?” करारावर तुमचं नाव असू द्या. मंजुरीच्या सूचनेची, डीएस-260 ची आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तुमच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड फक्त नवऱ्याकडे नको.

लग्नाला दोन वर्षं होण्याआधी तिथे पोचलात तर ग्रीनकार्ड दोन वर्षांचं, अटी असलेलं मिळतं. ते संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751, म्हणजे त्या अटी काढण्याचा अर्ज, भरायचा असतो. या काळात “सही करणार नाही, परत पाठवीन” अशी धमकी दिली जाते, आणि बऱ्याच मुलींना वाटतं की ती खरी आहे. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल तर एकटीने आय-751 भरण्याची सोय कायद्यात आहे. छळ सोसणाऱ्या जोडीदाराला नवऱ्याच्या नकळत स्वतःची याचिकाही करता येते. अशा वेळी सासरच्यांचा वकील नको, स्वतंत्र वकील करा. अमेरिकेत स्त्रियांसाठी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था आहेत, काही दक्षिण आशियाई स्त्रियांनीच चालवलेल्या. मुलगी निघण्यापूर्वी तिच्या शहरातल्या अशा संस्थेचा नंबर आईने शोधून तिच्या हातात द्यावा.

18. आमचा जावई लंडनला आहे, भाची कॅनडात. हेच नियम का?

कागद वेगळे, विचार प्रश्न 2 सारखाच. ब्रिटनमध्ये 11 एप्रिल 2024 पासून नव्या जोडीदार व्हिसासाठी सहसा वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न लागतं. तिथला सल्लागार नोंदणीकृत आहे का ते इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे तपासा. कॅनडात पैसे घेऊन सल्ला देणारा वकील तरी हवा किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचा, परवानाधारक. मुंबईत पाटी लावून बसलेल्याकडे तो परवाना क्रमांक मागा.

19. मुलाखत झाली, व्हिसा दिला नाही, 221(जी) ची चिठ्ठी हातात दिली. आता वकील करू का?

221(जी) म्हणजे व्हिसा सध्या अडवून ठेवला आहे. चिठ्ठी वाचा. एखादा कागद मागितला असेल तर तो सांगितलेल्या पद्धतीने द्या, वकिलाची गरज नाही. “प्रशासकीय तपासणी” लिहिलं असेल तर थांबावं लागतं, आणि त्या दिवसांत नोकरीचा राजीनामा देऊ नका, घर भाड्याने देऊ नका. चिठ्ठीवर 212 ने सुरू होणारं, म्हणजे प्रवेशाला अपात्र ठरवणारं, कलम असेल, किंवा याचिका यूएससीआयएसकडे परत पाठवतो असं म्हटलं असेल, तर स्वतः कुठलंही स्पष्टीकरण लिहून पाठवू नका. चिठ्ठीचा फोटो, डीएस-260 ची प्रत आणि मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी आठवून लिहिलेले, एवढं घेऊन त्याच आठवड्यात वकिलाची वेळ घ्या.